अण्णांचा खिसा रिकामा नको: स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांचे पैसे, कार्ड आणि बँक कशी सांभाळायची

"ताई, अण्णा सकाळपासून तिसऱ्यांदा मेथी न्यायलेत बघा. तिन्ही वेळा पैसे दिले त्यांनी. दोन वेळचे मी बाजूला ठेवलेत, घेऊन जावा."

सोलापुरात विजापूर रोडला आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींचा हा फोन. घरात काहीतरी बिनसलंय हे तोवर आम्हाला सगळ्यांनाच जाणवत होतं, पण तोंडातून कुणी काढत नव्हतं. अण्णा रेल्वेत अकाउंट्सला होते. दुसऱ्यांच्या पगाराचा हिशेब पै-पैशाला जुळवण्यात नोकरी गेली. त्या संध्याकाळी त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात पाचशेच्या चार नोटा, मेथीची एक ओली काडी आणि एटीएमच्या एकाच तारखेच्या तीन स्लिपा निघाल्या. दोन स्लिपा दोन-दोन हजार काढल्याच्या होत्या, तिसरी पिन चुकल्याची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं कार्ड काढून घेतलं. आमची सगळ्यात मोठी चूक तीच. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून एकटेच बँकेत गेले आणि काउंटरवर मोठ्यानं म्हणाले, "माझ्या मुलीनं माझं कार्ड चोरलंय." त्यानंतरच्या तीन वर्षांत जे शिकलो ते इथं लिहितेय. ज्या क्रमानं करायला हवं होतं त्या क्रमानं लिहितेय. आम्ही त्या क्रमानं केलं नव्हतं. हातातली वस्तू काढून घेण्याआधी तिच्या जागी दुसरी द्यायची असते, आणि कागदपत्रांची कामं आईवडिलांना त्यातलं कळतंय तोवरच उरकायची असतात. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

## आधी डॉक्टर

या आजारात पैशांचे व्यवहार फार लवकर घसरतात. भाजीचे पैसे द्यायचे म्हटले तरी आकडा लक्षात ठेवायचा, वजाबाकी करायची, समोरच्यावर विश्वास ठेवायचा का ते ठरवायचं आणि हे मघाशी केलं का तेही आठवायचं. माणूस गप्पा छान मारतो, लग्नपत्रिकेतली नावं वाचून कोण कुणाचं ते सांगतो, पण सुट्टे मोजताना अडतो. एकच बिल दोनदा भरणं, छोट्या खरेदीला मोठी नोट पुढं करून उरलेले पैसे न घेणं, पासबुक पुन्हा पुन्हा भरून आणणं, कुणी मागितले की लगेच देणं, पैसे भलत्या ठिकाणी ठेवून चोरीला गेले म्हणणं, यातलं काही वारंवार दिसलं तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, काही गोळ्यांचा परिणाम अशा कारणांनीही विसरायला होतं आणि त्यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. ते आधी तपासून घ्या. डॉक्टरांचा प्रत्येक कागद तारखेसकट जपून ठेवा, पुढं बँकेत आणि वकिलाकडे लागतो. कुणाशी बोलावं ते सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ वर फोन करता येतो.

## कपाट उघडून वही करा

दोनशे पानी वही घ्या आणि रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांच्याजवळ बसा. "अण्णा, मला काहीच माहीत नाही, तुम्ही सांगा, मी लिहिते," असं म्हटलं की ते खुलतात. आमच्या अण्णांना कालचं जेवण आठवत नव्हतं, पण १९८७ साली काढलेल्या पॉलिसीचा हप्ता तोंडपाठ होता. एका बैठकीत संपवायला जाऊ नका. आम्हाला सहा रविवार लागले.

बँक, पोस्ट, एलआयसी सगळेच लिहितात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा पैसा त्यापलीकडेही पसरलेला असतो. पतसंस्थेतली मुदत ठेव. पिग्मीचं कार्ड, ज्याची रोजची रक्कम एजंट अजूनही दारात येऊन नेत असतो. गल्लीतली भिशी. सोसायटीचे शेअर्स. गावाकडच्या चुलतभावाला तोंडी दिलेले हातउसने. लॉकर, आणि लॉकरची किल्ली, जी आम्हाला देवघरातल्या पितळी डब्यात हळदीकुंकवाखाली सापडली. मागच्या दोन वर्षांची पासबुकं भरून आणा आणि एकेक नोंद बोट ठेवून वाचा. वर्षातून एकदाच कापली जाणारी रक्कम हमखास कुठल्या तरी विम्याची किंवा लॉकर भाड्याची असते.

खात्यात दोन वर्षं ग्राहकानं व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते. अशी विसरलेली खाती नावावरून शोधायला रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं आहे. पतसंस्थेच्या ठेवींबद्दल मात्र वेगळा विचार करा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो. मुदत संपली की ती रक्कम बँकेत आणलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिग्मी एजंटाला आणि भिशी चालवणाऱ्या काकूंना खरं काय ते सांगा. लाज वाटते, मलाही वाटली. पण त्यांना कळल्यावर एजंट अण्णांसमोर कार्डावर नोंद करून मलाही मेसेज टाकायला लागला.

## सही टिकून आहे तोवर

या कामात सगळ्यात जास्त घाई करा.

निदान झालं म्हणजे त्या दिवसापासून सही निरुपयोगी होते असं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात माणसाला आपण कशावर सही करतोय, त्यानं काय होईल, हे नीट कळतं. तोवर त्यांनी केलेली सही चालते. ही वेळ किती महिन्यांची असेल ते कुणी सांगू शकत नाही. आम्ही दिवाळीनंतर बघू म्हणून चार महिने घालवले आणि त्या चार महिन्यांत अण्णांची सही इतकी बदलली की बँकेनं एक चेक परत पाठवला.

अनेक घरं 'कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय' म्हणून निश्चिंत असतात. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनस्थिती ठीक राहिली नाही की ते संपतं. म्हणजे गरज खरी लागते तेव्हाच ते कामाचं उरत नाही. काही परदेशांत आजारपणानंतरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं, तशी सोय आपल्या कायद्यात नाही. पहिल्या टप्प्यात धावपळ वाचवायला करायचं तर करा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

मग ठेवायची कशावर? खात्यांच्या रचनेवर.

घरखर्चाचं खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीनं जोडखातं करा. दोघांपैकी कुणाच्याही एका सहीवर ते चालतं. 'जॉइंटली' असेल तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात आणि पुढं तिथंच अडतं. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' मध्ये पहिलं नाव हयात असेपर्यंत दुसऱ्याला काही करता येत नाही. जुनी जोडखाती यातल्या कुठल्या प्रकारची आहेत ते पासबुकाच्या पहिल्या पानावर बघा. आमच्या घरातली दोन ठेवपत्रं 'फॉर्मर' वाली निघाली आणि ती बदलून घेतली.

पेन्शनच्या खात्यात एक वेगळी अडचण येते. केंद्र सरकारच्या, म्हणजे रेल्वेच्याही, पेन्शनचं खातं जोडीदाराबरोबर जोडखातं होऊ शकतं, मुलाबरोबर नाही. म्हणून आम्ही पेन्शन अण्णा आणि आईच्या जोडखात्यात ठेवली आणि तिथून दर महिन्याच्या २ तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात आपोआप जावी अशी स्थायी सूचना लिहून दिली. महावितरणचं बिल, गॅस, औषधं, महापालिकेची घरपट्टी सगळं आता त्या घरखर्चाच्या खात्यातून जातं. बिलं विसरण्याचा प्रश्नच तिथं संपला.

त्याच फेरीत सगळ्या खात्यांचं आणि ठेवींचं नामनिर्देशन तपासा. आमच्या एका ठेवीवर अजून आजीचं नाव होतं, जी जाऊन वीस वर्षं झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. मृत्युपत्र करायचं असेल तर तेही आत्ताच करा. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं.

शाखेत जाताना त्यांची ताजी वेळ निवडा. संध्याकाळकडे बऱ्याच जणांचा गोंधळ वाढतो, त्यामुळं सकाळचीच वेळ बरी. महिन्याचे पहिले दिवस आणि सोमवार टाळा. आधी एकट्यानं जाऊन मॅनेजरना आजाराबद्दल मोकळेपणानं सांगा. आजार कळल्यावर प्रत्येक शाखा सारखीच वागते असं नाही, तेव्हा त्यांची पद्धत आधीच कळलेली बरी. मग आईवडिलांना न्या आणि तुम्ही दोन पावलं मागं बसा. त्या दिवशी मॅनेजर मॅडमनी माझ्याकडे न बघता अण्णांना विचारलं, "काका, मुलीचं नाव खात्यात घालायलो, म्हणजे तिलाही पैसे काढता येतील. चालतंय ना?" अण्णा म्हणाले, "तिलाच तर करायचंय सगळं आता." ही संमती त्यांच्या तोंडून, दुसऱ्या माणसासमोर आली याचं मोल मला पुढं नातेवाइकांच्या बैठकीत कळलं.

## मोठं खातं लांब, छोटं खातं जवळ

मोठ्या रकमेच्या खात्याला कार्ड नको, यूपीआय नको. अण्णांच्या नावाचं दुसरं एक छोटं बचत खातं उघडा किंवा जुनं वापरा. त्यात दर सोमवारी पाचशे-हजार जातील एवढंच ठेवा. कार्ड त्या खात्याचं द्या.

आम्ही कार्ड काढून घेऊन जी चूक केली होती, ती अशी निस्तरली. नवं कार्ड आलं, ते अण्णांच्या जुन्या चामडी पाकिटात, जुन्या कार्डाच्याच कप्प्यात घातलं. त्यांनी ते काढून बघितलं, नावावर बोट फिरवलं आणि पाकीट उशीखाली ठेवलं. बँकेत तक्रार करायला ते पुन्हा गेले नाहीत.

कार्डाच्या सोयी बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून एकेक चालू-बंद करता येतात आणि मर्यादाही ठरवता येते. परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार दोन्ही बंद ठेवा. एटीएमची रोजची मर्यादा खाली आणा. टॅप करून पैसे देण्याची सोय ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय चालते. पुष्कळजण ती बंद करायला सांगतात. माझं मत वेगळं आहे. खात्यात हजार रुपयेच असतील तर ती चालू ठेवा, कारण पिन विसरलेल्या माणसाला दुकानात चार लोकांसमोर अडून राहावं लागत नाही. कार्ड हरवलं तर जाऊन जाऊन तेवढेच जातील.

पिन कागदावर लिहून पाकिटात ठेवू देऊ नका. अण्णांनी तो कार्डाच्या कव्हरवर बॉलपेननं लिहिला होता. क्रेडिट कार्ड असेल तर बाकी भरून बंद करा आणि बंद झाल्याचं पत्र मागून घ्या.

कोरे चेक ही जोखीम आहे. चेकबुक घरी ठेवू नका आणि पूर्वी सही करून ठेवलेला एखादा चेक सापडला तर तो रद्द करा. आम्हाला जुन्या डायरीत दोन सापडले.

यूपीआय वापरायची सवय असेल तर मोठ्या खात्यावरून त्यांच्या फोनमधलं यूपीआय काढून टाका. छोट्या खात्याला यूपीआय लाइट लावता येतं. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये भरून ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंत पिन न टाकता जातात. दुसरी सोय यूपीआय सर्कलची, २०२४ पासून आहे. तुमच्या खात्यातून वडिलांना खर्च करू द्यायचा, महिन्याला १५,००० पर्यंत आणि एका वेळी ५,००० पर्यंत मर्यादा घालता येते, किंवा प्रत्येक व्यवहाराला तुमची परवानगी लागेल असं ठेवता येतं. नुकतंच निदान झालेल्या, फोन नीट हाताळणाऱ्या माणसाला हे चांगलं. अण्णांना मात्र क्यूआर कोड आणि भिंतीवरची जाहिरात यातला फरक कळेनासा झाला होता, तेव्हा आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

आधारचा अंगठा बहुतेक घरांच्या लक्षातच येत नाही. आधारला जोडलेल्या खात्यातून नुसत्या बोटाच्या ठशावर पैसे निघतात. "काका, केवायसी करायचंय, इथं अंगठा लावा," म्हणायला कुणालाही जमतं. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. तो तपासायचं काम आज संध्याकाळीच करा.

## हातातले पैसे

पैसे जवळ नसले की माणूस घाबरतो. आयुष्यभर खिशात हात घातला की नोट लागायची, ती लागली नाही की घराबाहेर पडायचंच थांबतं. आमच्याकडे दर शनिवारी सकाळी एक खाकी पाकीट तयार होतं. त्यात वीसच्या दहा, दहाच्या दहा आणि पन्नासच्या चार नोटा. पाचशेची नोट नाही. अण्णा ती पाटावर मांडून मोजतात, कधी साडेचारशे येतात, कधी सहाशे. मी दुरुस्त करत नाही. मोजून झाल्यावर ते नोटांना रबर लावतात, तोंडं एकाच बाजूला करून, ऑफिसात करायचे तशी.

रोजच्या दुकानांत सांगून ठेवा. किराणावाल्याकडे, मेडिकलवाल्याकडे, दूधवाल्याकडे महिन्याचं खातं ठेवा आणि महिनाअखेरीला तुम्ही भरा. न्हाव्याच्या दुकानात, ज्या कोपऱ्यावर ते चहा घेतात तिथं, आणि नेहमीच्या रिक्षावाल्याला तुमचा नंबर देऊन ठेवा. पाकिटातही एका चिठ्ठीवर नाव आणि तुमचा फोन लिहा, पण पत्ता आणि बँकेची माहिती नको. मेथीच्या मावशींनी आपण होऊन नियम केला: अण्णा दुसऱ्यांदा आले की त्या म्हणतात, "अण्णा, तुमची पिशवी घरी पोचवलीय." अण्णा समाधानानं परत येतात.

सोलापुरात एक गोष्ट आणखी बघावी लागते. पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई आयुष्यभर बाजारात मराठी बोलल्या. आजार वाढला तशा त्या तेलुगूत मोजायला लागल्या. मराठीत 'दीडशे' म्हटलं की गोंधळायच्या, तेलुगूत सांगितलं की बरोबर नोट काढायच्या. उशिरा शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी सुटते, तेव्हा पैशाचं बोलणं त्यांच्या लहानपणच्या भाषेत करा, मग ती कन्नड असो, तेलुगू असो की उर्दू.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा वेगळा बंदोबस्त करा. संक्रांतीच्या गर्दीत पाकीट मारलं जातं आणि माणूसही चुकतो. अण्णांना यात्रा चुकवायची नसते. त्या दिवशी कार्ड घरी, शर्टाच्या आतल्या खिशात दोनशे रुपये सुट्टे, आणि कायम कुणीतरी हाताला धरून.

कपाट आवरताना जुन्या हजार-पाचशेच्या नोटा निघतील. त्या ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झाल्या, आता त्यांचं काही होत नाही. दोन हजारची नोट निघाली तर मात्र फेकू नका, ती अजून वैध आहे. बँकेच्या शाखेत घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत किंवा पोस्टानं त्यांच्याकडे पाठवून खात्यात जमा करता येते.

## "माझे पैसे कुणी घेतले?"

हे ऐकायला लागणारच. बहुधा जो सगळ्यात जास्त करतो त्यालाच. पैसे कुठल्या डब्यात ठेवले ते विसरलेल्या मेंदूला मधली रिकामी जागा भरायची असते आणि 'चोरी' हे त्याला पटणारं उत्तर असतं. ते वाक्य आजाराचं असतं. मला हे समजायला एक वर्ष लागलं आणि त्या वर्षात मी अण्णांशी पुष्कळ भांडले, याचं आजही वाईट वाटतं.

"कुणी घेतले नाहीत, तुम्हीच ठेवलेत" असं म्हणू नका. पासबुक दाखवून सिद्ध करायला जाऊ नका. मी आता म्हणते, "पैसे दिसत नाहीत म्हटल्यावर जीव घाबरणारच. चला, दोघं मिळून बघू." मग आम्ही शोधतो. त्यांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, बुटाचं खोकं, तांदळाची बरणी, जुन्या कॅलेंडरमागं. सापडले की ते त्यांच्याच हाताला लागू द्या. बँकेतल्या पैशाची चिंता असेल तर छोट्या खात्याचं पासबुक त्यांच्याजवळ असू द्या आणि दर महिन्याला भरून आणा. छापलेला ताजा आकडा बघून अण्णा शांत होतात.

## फसवणुकीचा फोन आला तर

"वीज आज रात्री तोडणार", "केवायसी संपलं", "तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, डिजिटल अरेस्ट आहे" हे फोन म्हाताऱ्या माणसांना शोधत येतात. डिजिटल अरेस्ट असला प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. त्यांच्या फोनमध्ये फक्त जतन केलेल्या नंबरांचे कॉल वाजतील असं करा, १९०९ वर फोन करून जाहिरातींचे कॉल बंद करा, आणि मोठ्या खात्याचे ओटीपी येणारा नंबर जोडखातेदाराचा ठेवा. बदल शाखेत, त्यांच्या सहीनं करायचा.

तरीही पैसे गेले तर त्याच मिनिटाला पुढचं करा:

१. १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवायचा हाच मार्ग आहे. मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा.

२. बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड आणि खातं थांबवा, तक्रार क्रमांक वहीत वेळेसकट लिहा.

३. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची काहीच चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान ग्राहकाचं नसतं. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. त्यामुळं "आईनं ओटीपी सांगितला, आता काय उपयोग" म्हणून बसून राहू नका. आणि त्यांच्यावर ओरडू नका. ओरडलं की पुढच्या वेळी ते लपवतात, आणि लपवलं की पहिला तास हातचा जातो.

## हयातीचा दाखला

नोव्हेंबरमध्ये, आणि ८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून, हयातीचा दाखला देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, पोस्टमनही घरी येऊन करतो. बायोमेट्रिक लॉक केलं असेल तर त्या दिवसापुरतं उघडा, नाहीतर "जुळत नाही" असं येत राहतं आणि सगळे चेहरा नीट धरा म्हणत बसतात. आमचं तेच झालं होतं. सत्तरीवरच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच बँकिंग द्यावं असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय. शाखेत त्यासाठी लेखी मागणी करा.

## सही थांबल्यावर

हात चालत नाही आणि मन चालत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत त्यांची गल्लत होते. आजारपणामुळं सही करता येत नाही पण व्यवहार कळतोय अशा माणसाचा हाताचा किंवा पायाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची सोय बँकेच्या नियमांत आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असतो.

व्यवहारच कळेनासा झाला असेल तर बेशुद्धीत किंवा गोंधळात अंगठा उमटवून घेऊ नका, कुणी कितीही सुचवलं तरी. अशा वेळी एकट्याच्या नावावरची ठेव, घर, शेअर्स यांच्यासाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेच्या पालकाची तरतूद नाही, आणि १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात स्मृतिभ्रंश बसत नाही. म्हणून उच्च न्यायालयात घटनेच्या कलम २२६ खाली अर्ज करतात. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. सगळ्या वारसांची लेखी संमती, डॉक्टरांचे तारखेवार कागद आणि मालमत्तेची यादी, म्हणजे रविवारी केलेली ती वही, लागेल. पालक नेमला गेला तरी हिशेब द्यावा लागतो.

## भावंडांमध्ये

दादा पुण्यात असतो. वर्षभर त्याला वाटायचं की मी खर्च जास्त सांगते, आणि मला वाटायचं की त्याला काही पडलेलंच नाही. त्यावर उपाय हिशेबानंच झाला. अण्णांचा पैसा आणि माझा पैसा मी कधीच एका खात्यात मिसळत नाही. माझ्या खिशातून औषध आणलं तर बिल चिकटवून, तारीख घालून, घरखर्चातून परत घेते. महिन्याच्या ५ तारखेला वहीच्या पानाचा फोटो तिघांच्या ग्रुपवर जातो: मी, दादा आणि आई. पाच हजारांवरचा कुठलाही खर्च आधी विचारून.

घर नावावर करून द्यायचा विषय कुणी काढला तर घाई करू नका. आईवडिलांच्या सांभाळासाठीचा २००७ चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ केला नाही तर त्याच्या कलम २३ खाली परत मिळू शकते, पण ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा.

या महिन्याच्या पानावर आमच्याकडे अशा नोंदी आहेत: औषधं, डायपर, रात्रीच्या मावशींचा पगार, महावितरण. आणि अण्णांच्या खाकी पाकिटाचे पाचशे, चार शनिवारांचे चार वेळा. त्याच्याखाली आईनं वेगळ्या पेननं लिहिलंय: मेथी, वीस रुपये, दोनदा.